त्रिकोणापासून पळून जाल कुठं?

शिक्षकाकडे किस्से आपोआप साचतात, राईस मिलच्या शेजाऱ्याकडे कोंडा साचतो तसे. झाडून काढले तरी उद्या पुन्हा तेवढेच. मी बारा वर्षं शाळेत भूमिती शिकवली आणि मग, दोन हजार आठच्या सुमारास, कोणत्या मुहूर्तावर देव जाणे, गोंदियाला लागून फुलचूरमध्ये कॉम्प्युटर गेम बनवायला शिकवणारा वर्ग काढला. चार कॉम्प्युटर, एक फळा आणि डोक्याला ताप देणारी पोरं.

पहिल्याच दिवशी फळ्यावर त्रिकोण काढला. "गेममधला राक्षस असो की मोटार, सगळं त्रिकोणांचंच बनलेलं असतं," असं सांगून छाती फुगवली. मागच्या बाकावरून दिलीप उठला. त्याच्या वडिलांचं राईस मिलसाठी पत्र्याचे हॉपर, म्हणजे धान ओतायचे शंकूसारखे नरसाळे, बनवायचं दुकान.

"सर, दहावीत याच्याचपायी नापास झालो. इथं पण हाच आहे काय?"

दुसऱ्या दिवशी तिघं आलेच नाहीत.

*

वर्गातल्या बिसेनच्या घरी धानाची शेती. त्याला गेमसाठी एक सपाट मैदान बनवायला सांगितलं. त्यावर चेंडू ठेवला की तो घरंगळत थेट पडद्याबाहेर. मी तासभर प्रोग्राममधली चूक शोधली. शेवटी मैदानच तिरपं निघालं.

"सपाट सांगितलं होतं ना रे?"

"सपाटच आहे सर. थोडासा उतार देला. नाहीतर पाणी कुठून निघन?"

"अरे, या गेममध्ये पाणीच नाही!"

"आज नाही सर. उद्या चोरखमाऱ्याचं सोडलं तर?"

त्याच्या धानाच्या बांध्यांना चोरखमारा तलावाचं पाणी येतं, हे मला मान्य. कॉम्प्युटरला येत नाही, हे त्याला शेवटपर्यंत मान्य झालं नाही.

*

प्रतापगडची, म्हणजे साताऱ्याच्या नव्हे, आमच्या जिल्ह्यातल्या डोंगराची, सहल मात्र माझ्याच हौसेची. कोनमापकाला दोरा आणि दगड बांधायचा, कोन मोजायचा, त्यावरून डोंगराची उंची काढायची. गेममधला डोंगरही याच गणितानं उभा राहतो. मी भर उन्हात आकडे मांडत बसलो. पोरांनी पायऱ्या मोजल्या, एका पायरीची उंची वितीनं घेतली, गुणाकार केला आणि सावलीत जाऊन डबे उघडले. माझं उत्तर त्यांच्यापेक्षा चाळीस फूट कमी आलं.

दिलीप एवढंच म्हणाला, "सर, डोंगर चुकला असन."

*

गेममधल्या मॉडेलला रंग द्यायचा तर आधी त्याची कातडी, म्हणजे बाहेरचा पृष्ठभाग, कापून एका चौकोनावर उलगडावी लागते. शंकू कसा उलगडतो, हे मी सूत्रासकट चाळीस मिनिटं समजावलं. दिलीपनं वहीचं पान फाडलं, दोन मिनिटांत कापलं, गुंडाळलं. शंकू तयार. फक्त एका कडेला बोटभर पट्टी जास्त.

"ही कशाला?"

"जोडाले लागते ना सर."

"कॉम्प्युटरमध्ये जोड आपोआप बसतो."

"आन् उघडला तर शिव्या कोण खाइन?"

*

कविता वर्गात एकटीच मुलगी, आणि खरं सांगायचं तर एकटीच हुशार. हैदराबादच्या एका कंपनीनं तिला नमुना मागितला. एक घर बनवायचं आणि त्याची सगळी कातडी ठरलेल्या मापाच्या एकाच चौकोनात बसवायची. जमलं तर नोकरी. नाहीतर मामानं स्थळ पाहूनच ठेवलं होतं, आणि ते तिला नको होतं. मला तिचीच काळजी लागून राहिली होती.

तुकडे काही बसेनात. छप्पर बसवलं की भिंत बाहेर. सगळे लहान केले की चित्र पुसट. चार दिवस मी क्षेत्रफळं काढली. बेरीज चौकोनापेक्षा कमी यायची, तरी तुकडे मावायचे नाहीत. शेवटच्या दिवशी वर्गात वीज नव्हती, म्हणून लॅपटॉप घेऊन तिच्या घरी गेलो. तिची आई ओसरीत बिड्यांसाठी तेंदूपान कापत बसली होती. मापाचा पत्र्याचा तुकडा पानावर ठेवायचा, फिरवायचा, कात्री चालवायची. हात न थांबवता तिनं पडद्याकडे पाहिलं.

"एवढं पान वाया काऊन घालवून राहिले?"

"ते पान नाही हो ताई," मी वैतागून म्हणालो.

"पानच आहे. याले उलटं करा. त्याले कडेले लावा. लहान तुकडा मोठ्याच्या खाचेत घाला."

ती कात्रीनं दाखवत गेली, कविता माउसनं सरकवत गेली. माझे चार दिवस, तिची पाच मिनिटं. सगळं मावलं, वर एक कोपरा उरला.

पंधरा दिवसांनी वर्गाच्या पत्त्यावर कंपनीचं पत्र आलं, कविताला नोकरी मिळाली होती. सांगायला मी स्वतः गेलो. कविता रडत होती, मीही चष्मा पुसत होतो. आईनं पत्र उलटसुलट पाहिलं, कपाळाला लावलं आणि विचारलं, "मंग त्या कोपऱ्यात काय भरलं?"

"काही नाही आई. रिकामाच ठेवला."

तिनं कविताकडे नाही, माझ्याकडे पाहिलं.

"गुरुजी, तुमी शिकवता काय मंग?"