गिरणी-फिटरच्या घरातली चावीची गाडी

आमच्या लालबागच्या चाळीत संपाच्या दिवसांत धान्याचे डबे रिकामे व्हायचे, पण किस्से मात्र साठतच जायचे. त्यातले निम्मे माझ्याच वेंधळेपणाचे, म्हणून सांगायला कुणाची परवानगी लागत नाही!

आमचे हे गिरणीत फिटर. संप लागला आणि ह्यांची हत्यारांची पिशवी खुंटीला लागली. ह्यांनी खिडकी धरली आणि बोलणं सोडलं. मी मनातल्या मनात नवस बोलले, "गणराया, ती पिशवी पुन्हा ह्यांच्या खांद्यावर दिसेपर्यंत माझ्या चहात साखर नाही." देवाशिवाय कुणाला सांगितलं नाही. हे तर देव मानतच नाहीत!

त्यातच आमच्या नंदाला शाळेच्या प्रदर्शनासाठी घरातल्या वस्तूंची चालती गाडी करायची होती. म्हटलं, आपण बिघडवत राहू, कधीतरी ह्यांना राहवणार नाही. बिघडवायला मला वेगळी मेहनत पडली नाही, हा भाग निराळा.

*

स्प्रिंग हवी म्हणून बंद पडलेलं गजराचं घड्याळ मी उलथण्याने उघडलं. स्प्रिंग सुटली ती थेट गॅलरीत, शेजारच्या सावंतकाकींच्या सुपात!

"अगे बाय, सुपात किरडू इला!" काकी ओरडल्या.

किरडू म्हणजे साप. त्यात श्रावण. मी धावत गेले, ते वळवळणारं बघितलं आणि हात जोडून हळद-कुंकू वाहिलं! नंदा म्हणाली, "आई, ती आपली स्प्रिंग आहे."

काकी म्हणाल्या, "र्‍हवांदे गो, आता दूध पण दाखव तिका!"

*

पापडाच्या डब्याची गाडी झाली, दोऱ्याच्या रिळांची चाकं, मोडक्या छत्रीच्या काडीचा आस. चावी दिली आणि सोडली, तर गाडी पाटाभोवती गोल गोल!

"आई, ही सरळ जातच नाही."

"जाऊ दे. प्रदक्षिणा घालतेय, चांगलं लक्षण आहे!"

खिडकीतून, पाठमोराच, आवाज आला, "प्रदक्षिणा नाही. आस वाकडा आहे."

तीन दिवसांतलं ह्यांचं पहिलं वाक्य! मी तो आस मुद्दाम आणखी थोडा वाकवून ठेवला.

*

प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी मी गाडीला दृष्ट लागू नये म्हणून खाली लिंबू-मिरची बांधली, चाकांना समईतलं तेल घातलं. गाडी जागची हलेना. नंदा रडकुंडीला आली.

हे उठले. खुंटीवरच्या पिशवीतून पक्कड काढली, गाडी उलटी केली आणि बघतच राहिले.

"हे काय?"

"लिंबू."

"अगं, गाडीपेक्षा लिंबू जड आहे!"

आणि हसले. दोरा कापला, आस सरळ केला, तेल पुसलं. गाडी गॅलरीच्या टोकापर्यंत गेली. पिशवी मात्र परत खुंटीवर. नवसात मी 'खांद्यावर' म्हटलं होतं, त्यामुळे माझा चहा कडूच राहिला. ह्यांनी एकदा माझ्या कपाकडे बघितलं, मग खुंटीकडे.

*

प्रदर्शनात बाईंनी विचारलं, "वडिलांनी केली ना?"

नंदा म्हणाली, "नाही बाई, आईने केली. बाबांनी फक्त दुरुस्त केली."

बाईंनी पहिला नंबर दिला. दुरुस्तीला की काय, कोण जाणे!

*

गाडी मी देव्हाऱ्यात ठेवली. संप मिटायचं नाव नव्हतं. दिवाळीनंतर एकदा पहाटे पाचला गजर वाजला. मी दचकून उठले. पोटात स्प्रिंग नसलेलं घड्याळ! देव्हाऱ्यापाशी जाऊन बघते तर गाडीचा डबा रिकामा, स्प्रिंग परत घड्याळात!

हे अंघोळ करून दारात उभे. खांद्यावर पिशवी.

"माझगावला एका वर्कशॉपमध्ये फिटर हवाय म्हणतात. बघून येतो. चहा टाक."

मी स्टोव्हला पंप मारायला बसले.

"दोन कप कर," हे चपला घालत म्हणाले, "आणि आज तुझ्या चहात साखर घाल."