बोडक्या डोक्याचा सॅल्यूट

उंब्रजच्या पुढं असलेल्या आमच्या गावात घरटी एक फौजी. वाचनालयाच्या वर्धापनदिनाला ऑर्केस्ट्राऐवजी नाटक आणायचं, हा हट्ट माझा. नाटक पडलं तर इथून पुढं ऑर्केस्ट्राच, असं समितीनं बजावलेलं. त्यात मुख्य नट भडक माथ्याचा. सांगलीत म्हणे कुणाचा मोबाइल वाजला म्हणून प्रयोग अर्धा टाकून निघून गेला होता.

दुपारी तीनचं नाटक सत्कारांमुळं साडेचारला सुरू झालं. ‘दोनच शब्द’ बोलणारे पाच जण होते. नट विंगेत धुमसत होता.

तिसऱ्या प्रवेशात तो मेजर होऊन शहीद जवानाच्या आईसमोर आला, टोपी काढून काखेत धरली आणि कडक सॅल्यूट ठोकला. शहरात इथं टाळ्या पडत असाव्यात. आमच्याकडं मागून आवाज आला, “आरं, बोडक्यानं कसला सॅल्यूट ठोकतुयास?”

हशा, शिट्ट्या.

नट तरातरा रंगमंचाच्या कडेला आला. “कोण बोललं? उभं राहा!”

निम्मं सभागृह उभं राहिलं. सगळे माजी सैनिक.

“वीस वर्षं अभिनय करतोय मी!”

“आमी चोवीस वर्षं सॅल्यूट मारलाय, गड्या!”

“पडदा टाका!”

पडदेवाल्यानं माझ्याकडं पाहिलं. मी हात जोडून नको-नको केलं. पुढल्या साली ऑर्केस्ट्रा दिसत होता, आणि खोटं कशाला बोलू, मजाही येत होती.

“एवढं येतंय तर वर येऊन दाखवा!” नट गरजला.

पहिल्या रांगेतले ऐंशी वर्षांचे माजी हवालदार उठले. पायऱ्या चढून त्यांनी आपली काठी नटाच्याच हातात दिली. “सायेब, टोपी डोक्यावर नसंल तर हात उचलायचा न्हाई. निस्तं सावधान. बगा.” टाचा जुळल्या, वाकलेली पाठ सरळ झाली.

नट काठी धरून बघत राहिला. “पुन्हा,” तो म्हणाला. त्यांनी पुन्हा दाखवलं.

काठी परत घेऊन हवालदार जागेवर बसले. नट विंगेत गेला आणि प्रवेश पहिल्यापासून सुरू केला. टोपी काखेत, आईसमोर सावधान. हात हलला नाही. टाळी पडली नाही. हवालदार उठले, मागोमाग मघाचे सगळे भांडखोर उठले. सत्कारांना उभं राहायचा मला कंटाळा. पण इथं मीही कुणी न सांगता उठलो.

नाटक संपल्यावर गाडीजवळ नटानं विचारलं, “जमलं का, हवालदार?”

“टाचा सैल हायत अजून.”

त्याचा चेहरा लाल झाला. संपलं, म्हटलं. त्यानं बॅग खाली आपटली आणि भर रस्त्यात टाचा जुळवल्या. खाडकन!

ऑर्केस्ट्रासाठी अडून बसलेले समितीचे अध्यक्ष माझ्या कानाशी आले. “आवं, पुढल्या साली ह्यो मोकळा हाय का, इचारा की.”