बाराव्या बैलाची भकाळी

जनावरांना भूल देण्यावर मी एक प्रबंध लिहिला आहे. आजवर चार माणसांनी वाचला असेल, त्यांतले दोघे परीक्षक होते, म्हणजे त्यांना वाचणं भागच होतं. त्यात एकूण बारा बैल आहेत. प्रत्येकाचं वय, नाडी, श्वास, किती मिनिटांत आडवा झाला, पापणीला बोट लावल्यावर डोळा कधी मिटेनासा झाला, किती वेळानं पायावर उभा राहिला, सगळं आखीव तक्त्यांत आहे. बाराव्या बैलापुढे एक शेरा आहे : 'मालकाने जनावर उपाशी ठेवण्याची सूचना पाळली नाही.' हे वाक्य खोटं नाही. खोटं असतं तर कुणीतरी कधीतरी मला पकडलं असतं.

बहात्तरचा दुष्काळ सरून दोन-तीन वर्षं झाली होती. मी पलूसजवळच्या एका गावात जनावरांच्या सरकारी दवाखान्यात होतो. त्या भागात खिलार बैलांच्या शिंगांना कर्करोग फार. शिंग बुडाशी मऊ पडतं, एका बाजूला कलतं, नाकातून रक्त येतं, आणि शिंग मुळापासून काढण्याशिवाय इलाज नसतो. मी नोकरीला लागलो तेव्हा हे काम सहा माणसं आणि दोन कासरे यांच्या जोरावर चालायचं. बैल पाडायचा, मानेवर दोघांनी बसायचं आणि करवत चालवायची. शिंगाच्या बुडाशी बधिर करायची सुई मारली तरी बैल भीतीनंच अर्धा होई. बैल ओरडत नाही. तो नुसता जमिनीवर श्वास टाकत राहतो आणि पुढची धूळ उडत राहते. पहिल्या शस्त्रक्रियेनंतर मला दोन दिवस जेवण गेलं नव्हतं.

म्हणून मी भुलेचा विषय घेतला. हे मुद्दाम सांगतो, कारण पुढे जे सांगणार आहे त्यात माझ्या बाजूनं बोलण्यासारखं एवढंच आहे. क्लोरल हायड्रेट नावाचं जुनं औषध होतं. ते मानेच्या शिरेतून किती दिलं म्हणजे बैल शांत झोपतो आणि सुखरूप उठतो, हे आपल्याकडच्या बैलांवर नीट मोजायचं, असं मी आणि माझ्या मार्गदर्शकांनी ठरवलं. ते मुंबईत शिकवत. नोकरी सांभाळून मी केसेस जमवायच्या आणि त्यांनी वर्षातून एकदा येऊन बघायचं, असा करार होता. वजनकाटा नव्हता, छातीचा घेर मोजून वजन काढायचं. स्टॉपवॉच मी हायस्कुलातल्या ड्रिलच्या मास्तरांकडून मागून आणलं होतं. त्या औषधाचा उग्र वास कपड्यांना इतका बसायचा की बायको माझा सदरा काठीनं उचलून बादलीत टाकायची. गावात मात्र मी 'बैल झोपवणारा डाक्टर' झालो आणि ते मला आवडू लागलं. खरं तर जरा जास्तच आवडू लागलं.

भुलेच्या कामात एक नियम सगळ्यांत वरचा. बैलाच्या पोटात चारा दोन दोन दिवस आंबत पडलेला असतो. शुद्धीवर असताना तो वर आणायचा, चावायचा आणि परत गिळायचा, हे त्याचं त्याला कळतं. भूल दिली की घशावरची राखण सुटते. पोट भरलेलं असलं तर सगळं वर येतं आणि श्वासनळीत उतरतं. म्हणून आदल्या दिवसापासून वैरण बंद, रात्रीपासून पाणी बंद. उपाशी बैलाची डावी भकाळी, म्हणजे शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्यामधली जागा, आत बसलेली दिसते. खाल्लेल्या बैलाची भरून वर आलेली असते. हे ओळखायला डॉक्टर लागत नाही.

अकरा बैल झाले होते. अकराही उठले होते. मार्गदर्शक यायचा दिवस ठरला आणि माझ्याकडे बारावा बैल नव्हता. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग, तसा मी वाड्यावस्त्यांवर कलतं शिंग शोधत फिरत होतो. तेव्हा एक माजी हवालदार स्वतःहून दवाखान्यात आले. बैल जेमतेम सहा वर्षांचा, पांढराशुभ्र, डाव्या शिंगाला दुखणं. मी त्यांना सूचना दिल्या. हवालदारांनी टाच जुळवली नाही इतकंच.

"आर्डर म्हंजी आर्डर, सायब. काडी न्हाई मिळायची त्याला."

आणि त्यांनी घरी जाऊन खरोखरच हुकूम सोडला. चूक माझी इथेच सुरू झाली. मी त्यांना उपाशी ठेवा म्हणालो, का ठेवायचं ते सांगितलं नाही. आणि त्याहून मोठी गोष्ट, घरात वैरण कोण घालतं हे विचारलं नाही. आम्ही सगळे सरकारी लोक तसेच होतो. सूचना पुरुषाला द्यायची, कागदावर सही पुरुषाची घ्यायची. गोठ्यात पहाटे उठून वैरण टाकणारी, शेण काढणारी, कोणत्या जनावरानं काल कमी खाल्लं हे जाणणारी बाई आमच्या हिशेबातच नसायची.

तिकडे रीत अशी की जनावर कुठं लांब निघालं, बाजारला असो की दवाखान्याला, तर ते रिकाम्या पोटी दावणीवरून सोडायचं नाही. माणूस परगावी निघाला तर त्याच्या हातावर दही ठेवतात, तितकीच ही साधी गोष्ट. त्यातून हा बैल शिंग कापायला निघालेला. हवालदारांच्या बायकोनं पहाटे, नवरा पारावर गेलेला बघून, त्याला पाटीभर भिजवलेला धान्याचा भरडा घातला, वर हिरवी वैरण घातली, पाणी दाखवलं आणि भाकरीचा तुकडा ओवाळून चारला.

सकाळी नऊच्या सुमारास बैल दवाखान्याच्या अंगणात आला. मार्गदर्शक खुर्चीवर बसले होते. भोवती पंचवीस-तीस माणसं जमलेली. हवालदार कासरा धरून पुढे, त्यांची बायको पाठीमागे लिंबाखाली उभी. मी नाडी मोजली, श्वास मोजले आणि सवयीनं डाव्या बाजूला जाऊन भकाळीवर हात ठेवला.

ती भरलेली होती. हाताखाली पोट घट्ट लागत होतं.

हे मी आजपर्यंत कागदावर लिहिलेलं नाही, म्हणून पुन्हा लिहितो. ती भरलेली होती आणि मला कळलं होतं. शंका आली, संशय आला, असलं काही नाही. मला स्पष्ट कळलं. मी हात तसाच ठेवून विचार केला की थांबवलं तर मार्गदर्शक संध्याकाळच्या गाडीनं जाणार, परत वर्षानं येणार. बाराव्या बैलाशिवाय प्रबंध पडून राहणार. एवढी माणसं जमलीत. आणि अकरा उठलेत, हाही उठेल. माणसाचं मन वकिली करायला लागलं की त्याला साक्षीदार फार लवकर मिळतात.

मी हवालदारांना मोठ्यानं, सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, "उपाशी आहे ना?"

"कालपास्नं काडी दिल्याली न्हाई, सायब."

त्यांच्या माहितीप्रमाणे ते खरं बोलत होते. मी हात काढला आणि सुई घेतली.

बैल सुरेख झोपला. शिंग निघालं, रक्त आवरलं, मार्गदर्शक दोनदा "छान" म्हणाले. टाके घालत असताना बैलाच्या नाकातोंडातून हिरवं पाणी आलं. पोत्यावर उतरती ठेवलेली मान आम्ही आणखी खाली केली, दवाखान्यातल्या ड्रेसरनं हात घालून घसा मोकळा केला. भरड्याचे दाणे त्याच्या हातावर आले. बैल खोकला, थोड्या वेळानं उठलाही. मी स्टॉपवॉच दाबलं आणि मिनिटं लिहिली. दुपारी हवालदार त्याला हळूहळू चालवत घेऊन गेले.

दुसऱ्या दिवशी बैलाला ताप चढला. तिसऱ्या दिवशी मी सायकल मारत त्यांच्या वस्तीवर गेलो, तेव्हा तो मान पुढे ताणून तोंडानं श्वास घेत होता. पेनिसिलीनची जेवढी इंजेक्शनं होती तेवढी मी टोचली. दुपारी तो गेला.

हवालदार ओट्यावर बसले होते. ते मला म्हणाले, "आसं कसं झालं वो? तुमचं बाकीचं समदं उठलं म्हणं."

मी म्हणालो, "पोटात अन्न होतं. वर येऊन फुफ्फुसात गेलं."

तेवढ्यात घरातून बायको बाहेर आली. तिनं पदर डोक्यावरून नीट घेतला आणि सरळ सांगितलं, "मी घातलं हुतं. रिकाम्या पोटी काढू वाटंना."

नवऱ्यानं तिच्याकडे बघितलं. मारलं नाही, शिवी दिली नाही. "म्हंजी तू मारलास त्याला," एवढंच ते म्हणाले.

तिथं मी बोलायला हवं होतं. माझ्या हाताला कळलं होतं, हवालदार, असं एक वाक्य. मी पिशवीतल्या बाटल्या लावत राहिलो. वड्याचं तेल वांग्यावर निघत होतं आणि मी ते निघू दिलं. शिवाय निघताना मी तिला समजावलं, "वहिनी, डॉक्टरनं सांगितलं की ऐकावं." हे शब्द आठवले की अजून मला माझी किळस येते.

प्रबंध स्वीकारला गेला. मार्गदर्शकांच्या मते बाराव्या बैलामुळे त्याला वजन आलं, उपाशी ठेवण्याचं महत्त्व त्यातून सिद्ध झालं. एका सहकाऱ्यानं समजूत काढली की कर्करोग होता, बैल आज ना उद्या गेलाच असता. मी त्याच्यावर चिडलो. त्याला वाटलं मला बैलाचं फार लागलंय. लागलं होतंच, पण त्या ओट्यावर मी तोंड उघडलं नाही ते काही बैलाच्या दुःखानं थोडंच?

पुढे माझी बदली सातारा जिल्ह्यात, म्हसवडच्या बाजूला झाली. बैल गेल्याला चार वर्षं झाली तेव्हा पावसाळ्याआधी घटसर्पाच्या लसीसाठी माणसं कमी पडली म्हणून मला आठवडाभर पुन्हा पलूसकडे धाडलं. त्याच गावात चावडीपुढे जनावरांची रांग लागली होती. रांगेत ती होती, हातात एक गाय. तिनं ओळखलं, मीही ओळखलं. गायीच्या दोन्ही भकाळ्या आत गेल्या होत्या, कातडी हाडाला लागली होती, आणि ती शेजारच्या गाडीतल्या कडब्याकडे ओढ घेत होती.

मी विचारलं, "वहिनी, आजारी आहे का ही?"

"न्हाई. तुमच्याकडं आणायची म्हणून परवापास्नं काय घातलं न्हाई. पानी बी न्हाई."

नुसत्या लसीसाठी. मी म्हणालो, "टोचायला उपाशी ठेवावं लागत नाही."

"आमास्नी काय कळतंय, डाक्टर," ती म्हणाली. तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर बरं झालं असतं. मग तिनंच सांगितलं की त्या दिवसापासून घरात बैलांना तिच्या हातची वैरण चालत नाही. हवालदार स्वतः घालतात. बेंदराला, म्हणजे बैलांच्या सणाला, पुरणपोळी ती करते, बैलांपुढे ठेवते जाऊबाई.

मी सुई ड्रेसरच्या हातात दिली आणि तिला बाजूला घेतलं. चार वर्षं घशात अडकलेलं बोललो. त्या दिवशी मला कळलं होतं, पोट भरलेलं हाताला लागलं होतं, तरी मी भूल दिली. तुमच्या भरड्यानं नाही, माझ्या घाईनं बैल गेला.

ती ऐकत होती. तिला आश्चर्य वाटल्याचं दिसलं नाही.

"ठावं हाय मला," ती म्हणाली. "तुमी भकाळीवर हात ठिवला तवा मी तुमच्या तोंडाकडंच बघत हुते. सांगणारच हुते मी, ह्यांच्या देखत. तुमी थांबला, मग हात काढला. म्हटलं, शिकल्यालं माणूस हाय, त्यास्नी कळलंय, चालत आसंल. म्हणून गप ऱ्हायले."

मी फडक्याला बोटं पुसत राहिलो.

"हे मला सांगून काय उपेग?" ती म्हणाली. "त्यास्नी सांगा. त्या गिरणीपाशी उभं हायती बघा. हाक मारू?"

मी तिकडे पाहिलं. हवालदार पिठाच्या पिशवीवर हात ठेवून कुणाशी तरी बोलत उभे होते. हाकेच्या अंतरावर. रांगेतली माणसं आमच्याकडे बघत होती, त्यांतल्या निम्म्यांची जनावरं मी कधी ना कधी टोचलेली.

"आत्ता नको," मी म्हणालो. "लोक आहेत. पुढच्या खेपेला घरी येऊन सांगतो."

"व्हय," ती म्हणाली. तिनं गायीचं दावं धरलं आणि ती परत रांगेत जाऊन उभी राहिली.

पुढची खेप माझ्याच हातात होती. म्हसवडहून सकाळची एसटी धरली असती तर दुपारी मी त्यांच्या ओट्यावर असतो. तिनं मात्र माझ्या शब्दावर हाक मारली नाही, आणि मी गेलो नाही.