आईची बसायची बाजू आणि मागचा टायर

सुटीच्या सकाळी अंगणात मोटरसायकल धुताना मागच्या टायरवरून हात फिरवला आणि थांबले. उजवी बाजू पार गोटा झालेली. डाव्या बाजूच्या खाचा मात्र अजून चांगल्या खोल होत्या.

गाडी बाबांची. ते गेल्यावर आईनं ती विकू दिली नाही, म्हणून मी चालवायला शिकले. आई बालाघाट शहराबाहेरच्या एका शाळेत गणित शिकवते. रोज तिला सोडायचं, आणायचं. साडी नेसून, दोन्ही पाय डावीकडे सोडून ती मागे बसते, एक हात माझ्या खांद्यावर.

त्याच दिवशी आम्ही दोघी टायरच्या दुकानात गेलो. दुकान नवरा-बायको मिळून चालवतात. दुकानदारांना वाटलं चाक वाकडं बसलंय. तपासलं, तर चाक सरळ होतं, हवाही ठीक होती.

"पीछे कौन बैठता है?" त्यांनी विचारलं.

"मी," आई म्हणाली. "म्हणजे माह्या वजनानं घासला म्हणता काय?"

ते गडबडले. त्यांच्या बायकोला हसू आवरेना. ती म्हणाली, "तुमी दोघी एक चक्कर मारून या, आमी मागून पाहतो."

आम्ही चौकापर्यंत जाऊन आलो. ती लगेच म्हणाली, "गाडी उजवीकडं झुकून राह्यली."

"मी काही झुकत नाही," आई म्हणाली. तिला ते पटेचना. मग त्या बाईनंच पदर खोचला आणि आईसारखी एका बाजूनं माझ्या मागे बसली. आता रस्त्याच्या कडेला उभं राहून बघायची पाळी आईची होती.

परत आलो तेव्हा आई विचारात पडली होती. "माह्या पायाचा भार डावीकडं. म्हणून तोल सांभाळाले तू गाडी उजवीकडं कलवते," ती म्हणाली. "हौ, बरोबर आहे." इतके दिवस मी गाडी तिरपी चालवत होते आणि मला पत्ताच नव्हता!

मग नवा टायर. माझा जीव एका रुंद, दणकट टायरवर जडला होता. पण तो चेनच्या कव्हराला घासेल, असं दुकानदार म्हणाले. जाड उंचवट्यांचा बटन टायर बिरसा गावाकडच्या जंगलातल्या कच्च्या रस्त्याला चांगला, पण आमचं जाणं-येणं सगळं डांबरावरून. शेवटी आहे त्याच मापाचा, पावसात पाणी बाहेर फेकणाऱ्या खाचांचा टायर ठरला. आईनं चष्मा लावून त्याच्या कडेवरचे आकडे वाचले, ज्यातून टायर कधी बनला ते कळतं.

"हा लय दिवसांचा पडून आहे. ताजा दाखवा," ती म्हणाली, भाजी घेताना म्हणते तशी. दुकानदारांनी हसत दुसरा काढला.

घरी जाताना तिनं मला कापडाच्या दुकानासमोर थांबायला सांगितलं. "काहून?" मी विचारलं.

"पंजाबी ड्रेस शिवाचा आहे. नवा टायर बी असाच घासू द्याचा काय?"

आयुष्यात तिनं साडीशिवाय काही घातलं नव्हतं. ड्रेस शिवून आला त्या सकाळी ती आरशासमोर खूप वेळ उभी होती. रामपायलीला मामाकडे जायचं होतं. मी बाहेर हॉर्न वाजवला, तेव्हा कुठे आली. दोन्हीकडे पाय टाकून बसली, पहिल्या वळणावर मला घट्ट धरलं आणि वाटेतलं वाराशिवनी येईपर्यंत मोठ्यानं गप्पा मारत राहिली. गाडी हलकी वाटत होती.

रामपायलीला मामा ओसरीवर बसला होता. बहिणीकडे बघतच राहिला. "हे काय घातलं तू?"

आईनं त्याला टायरची सगळी गोष्ट समजावली, फळ्यासमोर उभं राहिल्यासारखी. मामा उठला आणि दारात उभ्या असलेल्या आपल्या गाडीमागे जाऊन वाकला. त्या गाडीवर आईसारखीच एका बाजूनं बसणारी मामीही कपाळाला हात लावत त्याच्यामागे गेली. टायरची उजवी बाजू गोटा!

"पाहा," मामी म्हणाली, "आणि तुमी म्हणत होते का टायरच खराब निघाला." मग आईच्या बाहीचं कापड चिमटीत धरून तिनं विचारलं, "आक्का, कोणत्या दुकानातून घेतलं? मले बी असंच पाह्यजे, पण हिरव्या रंगाचं."