डबड्यात अडकलेला फेटा

माझ्या स्टुडिओतला कॉम्प्युटर जुना होता, पण चालत होता. साडू नांदेडहून कंधारला आला की त्याच्याकडं बघून नाक मुरडायचा. "ही सिस्टिम आता कोण वापरतं? अपग्रेड मारू." मी नको नको म्हणतोय, तोवर ह्यानं बटण दाबलं बी. काम अर्ध्यावर असताना लाईट गेली. बॅटरी बॅकअप कधीचाच मेलेला. लाईट आल्यावर बघतो तर काळा पडदा, त्यावर गरगर फिरणारे ठिपके, मग आपोआप बंद, पुन्हा चालू, पुन्हा तेच ठिपके. साडू म्हणाला, "तुमचं मशीनच बेकार हाय," आणि बस धरून निघून गेला. शी! असल्या शहाण्यांची मला शिसारी येते.

लग्नाचे अल्बम गिऱ्हाइकांच्या घरी पोचलेले होते, त्यांची चिंता नव्हती. माझा जीव अडकला तो एका फोटोत.

जवळच्या खेड्यातले एक म्हातारे बाबा. त्यांची बायको गेली तेव्हा घरात तिचा एकच फोटो सापडला, आधार कार्डावरचा. तोच मोठा करून मी फ्रेम दिली. भिंतीवर ती माउली पकडून आणलेल्या चोरासारखी दिसते. बाबांनी ती फ्रेम बघितली आणि एक दिवस नवा फेटा बांधून माझ्याकडं आले. "माझा आत्ताच काढून ठेव. मी गेलो की पोरं येतील न्यायला." प्रिंट मात्र काढू देईनात. जित्या माणसाची फ्रेम घरात आली की अपशकुन म्हणे. म्हणून फोटो कॉम्प्युटरातच राहिला. दर बाजारच्या दिवशी बाबा येऊन स्टुलावर बसायचे. "दाव की मला." मी दाखवायचो, ते खूश होऊन जायचे.

त्या बाजारालाही आले. काळा पडदा बघून म्हणाले, "आरं, मी कुठं गेलो?"

गावातल्या दुरुस्तीवाल्यानं तोंडातली गुटख्याची पिचकारी सांभाळत एकच सांगितलं होतं, "फॉरमॅट मारा." म्हणजे सगळं पुसून टाका. कुठलंही दुखणं सांगा, ह्याचं औषध तेच. मी बाबांना म्हटलं, "बसा, दुसरा काढतो." पण मधल्या काळात बाबा लई उतरले होते. पुढचे दात गेलेले, गालफडं बसलेली. त्यांनी मान हलवली. "न्हाई. हे थोबाड भिंतीवर नगं. तू तुझं डबडं नीट कर. तवर मी मरत न्हाई, जा."

ते डबडं मांडीवर घेऊन मी एसटीनं नांदेड गाठलं. तिथल्या दुरुस्तीवाल्यानं झाकण उघडलं आणि तोंड फिरवलं. आत झुरळांची अंडी, एक वाळलेली पाल आणि पंख्याला चिकटलेलं हळदकुंकू, दर दसऱ्याला मीच भक्तिभावानं वाहिलेलं. "हा कॉम्प्युटर हाय का म्हसोबा?" तो म्हणाला. त्यानं नाकाला रुमाल लावून आतली डिस्क काढली, स्वतःच्या मशीनला जोडली आणि फोल्डर उघडलं. बाबा फेट्यात बसलेले, जसेच्या तसे! फोटो आधी बाजूला काढून जुनीच सिस्टिम पुन्हा टाकून घेतली आणि परतलो.

बाबांना कधी एकदा सांगतो असं झालं होतं मला. बाजारच्या दिवशी ते काठी टेकत, धापा टाकत दारात आले. चेहरा पार उतरलेला. "झालं का रं? न्हाई झालं तर पुढच्या बाजारला येतो. थांबावं तर लागंलच की."

मी हात मागं नेऊन मॉनिटर बंद केला. "न्हाई ओ बाबा. लई नालायक मशीन हाय."

"थू त्याच्या तोंडावर," बाबा म्हणाले आणि स्टुलावर टेकले.

खोटं बोलायची मला किळस येते. तरी आता दर बाजारला आम्ही दोघं मिळून त्या धडधाकट मशीनला शिव्या घालतो.