रगड्याचा तांब्या

बसवनगुडीतल्या आमच्या वठारात बिऱ्हाडं पाच आणि मागच्या अंगणात रगडा एकच. इडलीचं पीठ सगळ्यांचं तिथंच वाटलं जायचं. रीत अशी, की ज्याच्या हातून वाटण संपेल त्याला तांब्याभर पीठ. संपवायची नेहमी या पाचांखेरीज कोपऱ्यातल्या खोलीत राहणारी अक्का. एकटी बाई, त्या पाच तांब्यांवर तिचा आठवडा निघायचा. याला आम्ही मदत म्हणत नव्हतो, आणि तिनं म्हणूही दिलं नसतं. मला ती कानडीत तम्मा म्हणायची, म्हणजे धाकटा भाऊ.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला वठारात पहिला विजेचा ग्राइंडर मी आणला. बायकोच्या कमरेसाठी, असं सांगत फिरलो. खरं म्हणजे रविवारच्या पहिल्या फेऱ्या माझ्या असायच्या, आणि माझे दंड म्हणजे शेवग्याच्या शेंगा. वर्षभरात पाचही घरांत घरघर सुरू झाली. अक्काला कुणी काही बोललं नाही. बोलावलं नाही, इतकंच.

मग एका दुपारी, उद्या पुण्याहून व्याही येणार, डाळ-तांदूळ भिजलेले, आणि करंट गेला. मी रगड्यावर बसलो. दहा फेऱ्यांत जीव मेटाकुटीला आला.

"स्वल्प जोर लाव की रे तम्मा! दगडाला कुरवाळतोस काय?" अक्का दारातून म्हणाली.

"मग तूच ये ना."

ती आली. आधी तांब्या पदरानं पुसून रगड्याशेजारी ठेवला, मग बसली. डाळ झाली. तांदूळ संपत आले, तेवढ्यात घरात पंखा फिरला.

"अहो, आणा आत! पटकन होईल," बायको ओरडली.

मी पातेलं पुढं केलं.

"थोडंच राहिलंय रे. संपवते मी."

"कशाला दमतेस अक्का?"

तिनं तांब्याकडं पाहिलं, मग माझ्याकडं. वाटण तिच्या हातून संपलं नव्हतं. रीत तिला पाठ होती, मलाही होती. पाहुणे सहा होते आणि पीठ बेताचं.

"सरी," म्हणजे बरं, एवढंच म्हणाली. रगडा स्वच्छ धुतला आणि रिकामा तांब्या घेऊन गेली.

सकाळी विहीणबाईंनी तिसरी इडली घेतली. "मशीनचं पीठ इतकं हलकं होत नाही हो कधी!"

"आमच्याकडे होतं," मी म्हणालो.