रोल नंबर चौदा पाहा

मला तिचा हेवा वाटायचा. चुरस, अभ्यासातली स्पर्धा असले गोड शब्द लोक मागाहून वापरतात, मी वापरणार नाही. सरळ पोटात दुखायचं माझ्या. अकरावी सायन्सच्या पहिल्या प्रॅक्टिकलला आम्हा दोघींना मिळून एक टेबल आणि एक सूक्ष्मदर्शक मिळाला, त्या दिवशी दुखायला लागलं ते पुढं थांबलंच नाही.

अकरावीचे वर्ग तेव्हा नुकतेच कॉलेजात गेले होते. मी पोशीरची. नेरळपर्यंत पायी, तिथून गाडीनं कर्जत. ती खालापूरकडून एसटीनं यायची. माझे वडील गावातले जुने खातेदार, घरची भाताची खाचरं, ओटीवर चार माणसं कायम बसलेली. तिचे वडील खालापूरच्या कचेरीत शिपाई, आणि आई डोंगराच्या कडेनं रानभाजी खुडून एसटी स्टँडजवळ विकायला बसायची. म्हणजे खरं तर जळायचं तिनं, मी नाही. पण झालं उलटंच.

पहिल्याच दिवशी डबक्याच्या पाण्याचा थेंब काचेवर घेऊन त्यातला अमीबा शोधायचा होता. मी स्क्रू फिरवत गेले, फिरवत गेले, आणि कट्ट! वरची पातळ काच फुटली. सरांनी चष्म्यावरून बघितलं. तिनं दुसरी काच ठेवली, दोनदा स्क्रू हलवला आणि म्हणाली, "हा बघ गं, हाय. पाय काढतोय बघ." खरंच होता. पुढं तिनं जर्नलमध्ये त्याची आकृती काढली, ती सरांनी हातात धरून सगळ्या वर्गाला दाखवली. "छापल्यासारखी!" म्हणाले. माझ्या अमीबाला बघून म्हणाले, "हा बटाटा आहे का?" सगळे हसले. तीही हसली, आणि मग आपला खोडरबर माझ्याकडं सरकवला. तो खोडरबर मी वापरला नाही. मला तिच्या डब्यातल्या सुकटीच्या वासाचासुद्धा राग यायचा, कारण त्या वासानं माझ्या तोंडाला पाणी सुटायचं.

त्याच आठवड्यात सरांनी वर्षभराचं काम सांगितलं. सजीवांचं वर्गीकरण. प्रत्येकानं तीस वनस्पती गोळा करायच्या, रद्दीत दाबून वाळवायच्या, जाड कागदावर सुई-दोऱ्यानं शिवायच्या आणि खाली लिहायचं: कुठं मिळाली, गावात काय म्हणतात, कुठल्या कुळातली. ज्याचा संग्रह सगळ्यात चांगला, त्याला सुट्टीत पंधरा दिवस मुंबईला एका मोठ्या प्रयोगशाळेच्या शिबिरात पाठवणार. कॉलेजला जागा एकच.

ती जागा मला हवी होती. हवी म्हणजे कशी? माझ्या दोन्ही थोरल्या बहिणींची शाळा संपली तशी लग्नं झाली. वडील म्हणाले होते, "मुंबईवाल्यांनी तुला निवडली तर शिक किती शिकायचं ते. नाय तर बारावी बास." गावात त्यांनी आधीच सांगूनही टाकलं होतं, आमची पोरगी मुंबईला जाणार म्हणून. तेव्हा माझं सगळं त्या तीस कागदांवर अडकलेलं होतं, आणि टेबलाच्या पलीकडं ती बसलेली होती, जिला रस्त्याकडेच्या प्रत्येक गवताचं नाव ठाऊक.

मी कामाला लागले. पावसाळ्यात पानं वाळवणं म्हणजे डोक्याला ताप. दाबलेल्या पानांवर दोन दिवसांत बुरशी. मी रद्दी चुलीपाशी शेकायची आणि आई ओरडायची, "सैपाक करू का तुझा पाला भाजू?" तरी टाकळा झाला, कुर्डू झाली, भारंगी झाली. नवव्या कागदावर मी शेवळं शिवलं. आमच्याकडं जूनमध्ये शेवळांच्या जुड्या बाजारात येतात. जांभळट तपकिरी, टोकदार, लांब देठाची. काकडं म्हणून आंबट रानफळं असतात, ती घालून भाजी करतात, नाही तर घसा असा खवखवतो की विचारू नका. आता याचं कूळ काय? मी डोकं चालवलं. हिरवं नाही, पान नाही, पावसाचं पाणी पडलं की नुसत्या भुईतून वर येतं. म्हणजे अळंबीचं भावंड! लिहून टाकलं: बुरशीवर्ग. एकविसाव्या कागदावर लोत शिवली. लोत म्हणजे छत्रीसारखं पसरलेलं, कातरलेलं हिरवं पान, जुलै-ऑगस्टात येतं, त्याचीही भाजी होते. ती मी अळूच्या कुळात घातली. स्वतःवर खूश होते मी.

ऑगस्टमध्ये एका प्रॅक्टिकलला तिनं माझे कागद चाळले. नवव्यावर थांबली. मग एकविसावा काढला आणि दोन्ही शेजारी ठेवले.

"अगं, हे एकच हाय," ती म्हणाली.

"काय एकच?"

"शेवळं न् लोत. आधी शेवळं येतं, ते गेलं का भुईतल्या त्याच कांद्याला लोत येते."

मी म्हटलं, "चल, काहीतरीच." मनात म्हटलं, बघा, माझा संग्रह बिघडवायला बघतेय. पण ती आपली सांगतच राहिली. जूनमध्ये आईबरोबर शेवळं काढताना तिनं दोन जागी काठ्या रोवल्या होत्या, काठ्यांना आईच्या लुगड्याची चिंधी बांधली होती, आणि आता बरोब्बर त्या काठ्यांपाशीच लोत उगवली होती. नुसतं कुणी सांगितलं म्हणून नव्हे, तिनं बघितलं होतं.

घरी गेल्यावर आईला विचारलं. आई म्हणाली, "येडी का खुळी? शेवळं ती शेवळं, लोत ती लोत. शेवळाला काकडं लागतात, लोतीची भाजी येगळी." आईनं जन्मभर दोन्ही शिजवली होती आणि दोन्ही बाजारातून आणली होती. आमच्या घरात कुणी ती उगवताना बघितलीच नव्हती. म्हणजे शिपायाची पोर खरी, आणि माझं आख्खं घर खोटं! रात्रभर तळमळले.

पुढच्या प्रॅक्टिकलला ती वर्तमानपत्रात गुंडाळून काहीतरी घेऊन आली. तिचे हात मनगटापर्यंत सुजलेले, ओरबाडून ओरबाडून लाल झालेले. "दोन काढले," म्हणाली, "एक माझ्या कागदाला, एक तुला. पान कांद्याला लागलेलं हाय, तोडू नको. खाज सुटते मेली, हाताला चिंच लाव." आणि त्या सुजलेल्या हातांनी माझ्यापुढं पुडकं ठेवलं. कांदा तिनं धुऊन स्वच्छ केला होता, मला खाज लागू नये म्हणून.

मी ते घेतलं. लोक म्हणतील, तेव्हा तरी विरघळायला हवं होतं. मी नाही विरघळले. उलट माझ्या अंगाचा तिळपापड झाला. हिला देणं इतकं सोपं कसं जातं? हिला भीती कशी वाटत नाही? घरी जाऊन मी शेवळं उसवून घेतलं, बुरशीवाला कागद फाडून चुलीत घातला, आणि शेवळं, लोत आणि कांदा एकाच मोठ्या कागदावर बसवले. खाली लिहिलं: अळूचं कूळ, गावात नावं दोन, वनस्पती एक. सुंदर दिसत होता तो कागद.

डिसेंबरात सरांनी संग्रह तपासले. रोल नंबरानं. माझा चौदा, तिचा सव्वीस. माझ्या त्या कागदावर सर थबकले. "हे कुणी शोधलं?" त्यांनी विचारलं. ते देशावरचे, त्यांनी शेवळं कधी खाल्लीच नव्हती.

ती माझ्या शेजारीच उभी होती, दोन हातांवर.

"मी, सर," मी म्हणाले.

"स्वतः खणून काढलंस?"

"हो, सर."

सरांनी सगळा वर्ग गोळा केला. पुस्तक पाठ करणं वेगळं आणि मातीत हात घालणं वेगळं, असं बरंच काही बोलले. मी मान खाली घालून ऐकत होते. लोकांना वाटलं, विनय.

मग सव्वीस नंबर आला. तिच्याही कागदावर तेच: शेवळं, लोत, कांदा. वर चिंधीचा एक तुकडाही तिनं शिवला होता, जागेची खूण म्हणून. सरांनी एकदा कागदाकडं बघितलं, एकदा माझ्याकडं. "हिचं बघून केलंस?" त्यांनी तिला विचारलं.

ती माझ्याकडं बघत राहिली. रागानं नाही, वाट बघत. मी बोलेन म्हणून. मी टेबलावरच्या ट्रेमधला चिमटा उचलला आणि पुसायला लागले. तो स्वच्छच होता. सरांनी तिचं गप्प राहणं हो म्हणून धरलं. खातेदाराची पोर आणि शिपायाची पोर, त्यांना जास्त विचार करावा लागला नाही. त्यांनी लाल पेननं तिच्या कागदावर लिहिलं: "रोल नंबर चौदा पाहा." आणि मार्क कापले.

पाहा म्हणे!

जानेवारीत सरांनी जनुकीय संकेताचं प्रॅक्टिकल घेतलं. पुस्तकात ते तेव्हा जेमतेम एक पान होतं, पण सरांना त्याचं भारी वेड. नेरळच्या बाजारातून चार रंगांचे काचमणी आणले. म्हणाले, जिवाच्या पेशीत ही चारच अक्षरं असतात. तीन-तीन अक्षरांचा एक शब्द. असे चौसष्ट शब्द होतात, पण ते ज्यांची नावं आहेत त्या वस्तू फक्त वीस. मग उरलेले शब्द काय करतात? "एकाच वस्तूला दोन नावं, चार नावं, कधी सहा," सर म्हणाले. "आपल्या चौदा नंबरच्या शेवळं आणि लोतीसारखं!" सगळे माझ्याकडं बघून हसले, कौतुकानं.

आम्ही दोघी एकच माळ ओवत होतो. मी मणी वाचून दाखवायचे, ती ओवायची. तिच्या बोटांवर अजून ओरखड्यांचे पांढरे डाग होते. तिनं सरांकडं बघितलं नाही, माझ्याकडंही नाही. "तीन झाले," म्हणाली, "पुढचा सांग." त्यानंतर वर्षभर ती माझ्याशी एवढंच बोलली: चिमटा दे, काच दे, पुढचा सांग. भांडली असती तर बरं झालं असतं. भांडणात मी कुणाला हार गेले नसते.

शिबिराला मी गेले. पंधरा दिवस मुंबईत राहिले, विजेवर चालणारा सूक्ष्मदर्शक बघितला, वडिलांनी पेढे वाटले. पुढं शिकलेही, थेट एमएस्सीपर्यंत. आणि खरं सांगू? त्या शिबिरातही मी दर दिवशी विचार करत होते की ती इथं असती तर हा स्क्रू तिनं दोनदाच हलवला असता.

तिचं पुढं कानावर आलं ते एवढंच, की बारावीनंतर डी.एड. करून ती डोंगराकडच्या एका शाळेत लागली. लग्न झालं, एक मूल झालं.

नऊ-दहा वर्षांनी मी खालापूरच्या बाजूला अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवायला लागले. तीस वनस्पतींचं काम मीही देते, सरांचंच घेतलंय. एका वर्षी ऑगस्टमध्ये एक मुलगी कागद घेऊन टेबलाशी आली. आडनाव वाचून मी पुन्हा पोरीकडं बघितलं. तिची धाकटी बहीण. आम्ही अकरावीत असताना ही सहा-सात वर्षांची असेल. कागदावर शेवळं, लोत आणि कांदा. कांदा पानासकट, कुठंही न तुटलेला. खाली लिहिलेलं: नावं दोन, वनस्पती एक. पोरीच्या मनगटापर्यंत लाल ओरखडे.

"छान आहे," मी म्हणाले. "खूप छान."

"मॅडम, एक विचारू?" ती म्हणाली. "ताई सांगते, तिच्या वर्गात हे पहिल्यांदा तुमीच खणून काढलेलं. तुमच्या हाताला किती दिवस खाज हुती?"

मी तिच्या हातांकडं बघितलं. प्रयोगशाळेत आम्ही दोघीच होतो. खरं बोलायला कुणाची भीती नव्हती, मुंबईची जागा कधीच संपली होती, वडीलही राहिले नव्हते. आणि तरी, ती बाई आपल्या घरात माझं नाव असं मानानं घेते, हे ऐकून माझ्या पोटात पुन्हा तेच दुखायला लागलं. हिला अजूनही देणं जमतंच आहे!

"चार दिवस," मी म्हणाले.

पोरीनं मान डोलावली. कागद नीट रद्दीत गुंडाळला, दोऱ्यानं बांधला.

"बरं," ती म्हणाली. "सांगते ताईला. तिनंच विचारून ये म्हणून सांगितलेलं."